कोपरीतला गूळ

"आबा गेले," असं सांगायला बन्सी आला, तेव्हा मी त्याला विचारलं, "कधी गेली?"

तो म्हणाला, "अक्का, आबा गेले."

"हो. पण आई कधी गेली? सकाळी?"

बन्सी माझा चुलतभाऊ. कुरुळीहून पिंपरीपर्यंत भर थंडीत सायकल मारत आला होता. कानाला मफलर, नाकातून पाणी. सायकलचं हँडल न सोडता तो माझ्याकडे बघत उभा राहिला आणि मग लहान मुलाला सांगावं तसं सावकाश म्हणाला, "काकी बसलीया घरी. आबा गेले. धार काढता काढता गोठ्यात पडले."

मला ते ऐकू आलं होतं. पण डोक्यात जागा दुसऱ्याच माणसासाठी केलेली होती. गेली तीन वर्षं आई मधुमेहानं आजारी होती. तिच्या मरणाची तयारी आम्ही सगळ्यांनी, एकमेकांना न सांगता, करून ठेवली होती. कुणी दारात अवेळी उभं राहिलं की माझ्या मनात आधी तीच यायची. आबांच्या बाबतीत असलं काही कधी मनातही आलं नव्हतं. आबा, माझे वडील, म्हणजे तिला सांभाळणारे. सांभाळणारं माणूसच आधी जाईल, असा हिशोब कुणी धरत नाही.

माझे यजमान औषधाच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेले होते. शेजारी दोन्ही मुलं सोपवली, निरोप ठेवला, घराला कडी घातली आणि बन्सीच्या मागे कॅरियरवर बसले. भोसरीपर्यंत सायकल, तिथून नाशिक रस्त्यानं जाणारा एक मालट्रक. सायकल ट्रकात टाकून आम्ही ड्रायव्हरशेजारी बसलो. सगळा रस्ता मी एकच विचार करत होते. आज आईला सुई कुणी दिली?

"बन्सी, सकाळी आबांनी आईला सुई दिली होती का?"

"मला काय ठावं? मी धावत गेलो तवा ते गोठ्यात पडल्यालं होते. दुधाची बादली उपडी."

"आईनं काही खाल्लं?"

तो माझ्याकडे वळून बघायला लागला. "अक्का, घरात मढं हाय."

त्याचं बरोबर होतं. मढं घरात असताना चूल विझवतात. माणूस जाळून, आंघोळ करून पुरुष घरी येईपर्यंत कुणी तोंडात काही घालत नाही. हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही.

पण आबांचाही एक नियम होता, आणि गेली तीन वर्षं आमच्या घरात तोच सगळ्यांत वरचा होता. सुई झाली की भाकरी पोटात गेलीच पाहिजे.

पुण्याच्या डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं की आता रोज सकाळी सुई, आणि तीही जन्मभर, तेव्हा मी तिथेच उभी होते. डॉक्टर म्हणाले, "गावात देणार कोण? यांना पुण्यात ठेवा." आबा म्हणाले, "मी देतो." डॉक्टर हसले. आबा हसले नाहीत. आठवडाभर दवाखान्याच्या व्हरांड्यात राहून त्यांनी शिकून घेतलं. पिचकारी उकळायची कशी, औषध कुठल्या रेघेपर्यंत ओढायचं, आतला बुडबुडा कसा झटकायचा. घरी येऊन ते वांग्याला सुया देत बसत. त्या हंगामात आमच्या मळ्यातली बरीच वांगी बाजाराला गेली नाहीत.

औषधाची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात, देवघराखालच्या कोनाड्यात. ती पुण्याहून आणायचं काम माझ्या यजमानांकडे. लघवी तपासायला काचेची नळी आणि निळं पाणी. ते दिव्यावर तापवलं की साखरेप्रमाणे रंग बदले. आबा नळी उजेडात धरायचे आणि अंगणातून ओरडून सांगायचे, "आज हिरवं हाय गं." कधी पिवळं. कधी, "आज पार विटकर. कुणाकडं काय खाल्लंस?" सगळ्या आळीला आईचा रंग कळायचा. ती पदरात तोंड घालायची. "माझी काय अब्रू ठेवली न्हाई या माणसानं," असं मला म्हणायची.

सुई आणि भाकरी यांचं नातं त्यांनी आपल्या पद्धतीनं पक्कं करून घेतलं होतं. मला म्हणाले होते, "मोट ओतली की पाणी वाफ्यात घ्यावंच लागतं. न्हाई घेतलं तर ते कुठंबी फुटतंय. तसंच हाय ते. सुईचं औषध आत गेलं, आन् त्याला खायला भाकरी मिळाली न्हाई, तर ते तुझ्या आईलाच खातंय."

तसं झालं तर काय करायचं, तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. घाम सुटला, हात कापायला लागले, माणूस असंबद्ध बोलायला लागलं, की ताबडतोब गूळ किंवा साखर. आबांनी घरातला सगळा गूळ आणि साखर काढून टाकली होती; आईला मोह नको म्हणून स्वतःही बिनसाखरेचा चहा प्यायला लागले होते. पण एक गुळाचा खडा ते फडक्यात बांधून अंगातल्या कोपरीच्या खिशात ठेवत. घामानं ओला झाला की बदलत. एकदा चाकणच्या बाजारात आई मटकन खाली बसली, तेव्हा त्यांनी भर बाजारात तिचा जबडा धरून तो खडा तोंडात घातला होता. लोक जमा झाले. आबा म्हणाले होते, "बायकोला गूळ चारतोय. बघितला न्हाई का कधी?"

ट्रकवाल्यानं आम्हाला फाट्यावर उतरवलं. सूर्य बराच वर आला होता.

अंगणात पुरुष बांबू चिरत होते. तीन दगडांवर आंघोळीचं पाणी ठेवलेलं. लेक येईपर्यंत थांबायचं म्हणून आबांना अजून कुणी हात लावला नव्हता. गोठ्यातून आणून ठेवले तसेच ते घोंगडीवर होते, वर धोतर पांघरलेलं. कोपरीच्या बाहीवर दुधाचे शिंतोडे वाळून पांढरे झाले होते. मी ते बघत राहिले. वाचनाची सवय असलेल्या माणसाला वाटतं की अशा वेळी आपल्याला काहीतरी सुचेल. मला एवढंच सुचलं की दूध वाळल्यावर त्याचा वास येतो, आणि आबांना तो वास आवडत नसे.

आई ओसरीवर, खांबाला टेकून. भोवती आळीतल्या बायका. तिच्या शेजारी ठकुआत्या. ही आबांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, तेव्हा माहेरी परत आली आणि आमच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत आयुष्य काढलं. आबांवर तिचा जीव होता आणि आईवर डोळा. मला बघून तिनं हंबरडा फोडला. तिच्या गळ्यात पडून मी थोडा वेळ तशीच राहिले. मग आईपुढे बसले.

"आई, सकाळी सुई झाली का?"

आत्या रडायची थांबली. "आगं, बाप मेलाय तुझा. आन् तू सुई काय इचारतीस?"

"आई?"

आईनं माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते. "न्हाई," ती म्हणाली. "त्याच्या आधीच गेले."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. सुई नाही झाली म्हणजे उपाशी राहिली तरी चालेल. साखर वाढेल, पण त्याला वेळ लागतो. पुरुष घरी आले की बघू. मी उठून आबांपाशी जाऊन बसले. त्यांचा हात हातात घेतला. थंड होता, पण पौषातल्या सकाळी कुणाचाही हात थंड असतो.

किती वेळ गेला, कळलं नाही. ओसरीवरून गवराबाईचा आवाज आला. ती आमची शेजारीण. "अगं बया, ही बघा घामानं न्हालीया. वारा घाला कुणीतरी."

बायका पदर आवळून, हात काखेत घालून बसल्या होत्या. इतकी थंडी होती. आणि आईचं कपाळ चमकत होतं. चोळी पाठीवर चिकटली होती. ती जांभया देत होती. एकीमागून एक, तोंडावर हातही न ठेवता.

मी धावले. "आई."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बसा की बाई," ती म्हणाली. "कुनाच्या तुमी?"

बायकांनी गळा काढला. "नवरा गेला आन् हिचं भान गेलं गं. पोटच्या पोरीला वळखंना." गवराबाईनं पदरानं वारा घालायला सुरुवात केली. आत्या म्हणाली, "रडली न्हाई ना ती. तुंबलंय आत. रडवा तिला."

मी स्वयंपाकघरात गेले. परातीत मळलेलं पीठ होतं, वरून वाळून भेगा पडलेल्या. तवा चुलीवर, चूल विझवलेली. म्हणजे भाकरी झालीच नव्हती. आणि कोनाड्यासमोर, धुतलेल्या फडक्यावर, पिचकारीची काचेची नळी आणि आतला दट्ट्या वेगवेगळे पालथे घातलेले होते. सुई बाजूला, तिच्यात बारीक तार ओवलेली. आबा हे सुई दिल्यानंतरच करायचे. देण्याआधी सगळं पातेल्यात असायचं. त्यांनी सुई दिली होती, सामान धुतलं होतं, मांडून ठेवलं होतं, आणि धार काढायला गेले होते.

मग आई 'नाही' का म्हणाली?

त्या क्षणी मला वाटलं, तिची शुद्ध तेव्हाच गेली असावी. पण ती मला ओळखून बोलली होती. "त्याच्या आधीच गेले," असं नीट वाक्य बोलली होती. मी त्यापुढे विचार केला नाही.

ओसरीवर येऊन म्हणाले, "गूळ आणा कुणीतरी. नाहीतर साखर. पळत जा."

कुणी हललं नाही.

"गवराबाई, तुमच्याकडे असेल. जा ना."

गवराबाईनं आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "कशाला पायजे गूळ?"

"आईच्या तोंडात घालायला. आबांनी सकाळी सुई दिलीय आणि तिनं काही खाल्लेलं नाही."

"ती तर न्हाई म्हणाली."

"दिलीय, आत्या. मी बघून आले."

आत्या उठून उभी राहिली. ठेंगणी, वाकलेली बाई, पण त्या वेळी ती सगळ्या ओसरीला पुरली. "कौशे," ती म्हणाली, "माझ्या भावाचं मढं दारात हाय. त्याला अजून पाणीबी घातलं न्हाई. आन् तू तुझ्या आईचं तोंड गोड करतीस? आज?"

पुरुषांनी बांबू चिरायचे थांबवले होते. मला कळत होतं, ती काय म्हणतेय ते. घरातलं माणूस गेल्यावर सुतक फिटेपर्यंत गोड कुणी खात नाही. मग भाऊबंद येऊन सक्तीनं तोंड गोड करतात, तेव्हा कुठं दुखवटा सुटतो. आणि इथे बाईच्या बांगड्या अजून हातात होत्या, नवरा अंगणात होता, आणि लेक गूळ मागत होती. उद्या गावात सांगताना कुणीही ते असंच सांगितलं असतं, आणि त्यात काही खोटं नसतं.

आई एका कुशीवर कलली. तिची बोटं जमिनीवर काहीतरी वेचत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली.

मी ओसरीवरून उतरले आणि आबांच्या अंगावरचं धोतर बाजूला केलं. बन्सी म्हणाला, "अक्का, काय करतीस?" कोपरीच्या खिशाचं तोंड त्यांच्या अंगाखाली दबलं होतं. मला त्यांना एका हातानं उचलून कुशीवर करावं लागलं. माणूस इतकं जड होतं, हे मला माहीत नव्हतं. फडकं हाताला लागलं. गाठ घट्ट होती. दातांनी सोडली. मागे कुणीतरी बाई "शिव शिव" म्हणाली. एक म्हातारा म्हणाला, "पोरगी येडी झाली, धरा तिला." कुणी धरलं नाही. मढ्याला शिवलेल्या माणसाला कोण धरणार?

गुळाचा खडा सुपारीएवढा होता.

आईची दातखीळ बसली होती. मी गूळ तांब्यातल्या पाण्यात बोटांनी कुस्करला आणि गालाच्या आत, हिरड्यांवर चोळत राहिले. थोडा बाहेर आला, हनुवटीवरून तिच्या लुगड्यावर ओघळला. तिनं मान झटकली, माझं बोट चावलं. आत्या माझ्या डोक्यावर उभी राहून बोलत होती. मी काय आहे, माझ्या शिक्षणानं काय झालं, माझा बाप वरून काय बघतोय. मी ऐकत होते आणि चोळत होते. पुन्हा पाणी, पुन्हा गूळ. आईच्या गळ्याशी कुठेतरी एक आवंढा हलला. मग दुसरा.

आत्या बोलायची थांबली, ते मला थोडं उशिरा लक्षात आलं. ती खाली बसली होती आणि आईच्या तोंडाकडे बघत होती. आईची बोटं वेचायची थांबली होती. डोळे आधी छपराकडे फिरले, मग बायकांकडे, मग माझ्यावर येऊन थांबले. त्यांत ओळख आली. ओळख येताना मी इतक्या जवळून कधी बघितली नव्हती. आणि ओळखीच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं.

"कशाला गं?" आई म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की मागच्या बायकांना गेला नाही. मला आला आणि आत्याला आला. "कशाला केलंस?"

माझे हात गुळानं चिकट झाले होते. ते कुठे पुसावेत, मला कळेना.  आई भ्रमात खोटं बोलली नव्हती. आबांनी सुई दिलीय, भाकरी खाल्ली नाही तर काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. चाकणच्या बाजारात खाली बसली होती ती. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. सगळे म्हणाले असते, नवऱ्यामागं दुःखानं गेली. आळीनं कौतुक केलं असतं.

आत्या माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड किंचित उघडं होतं. मग ती गुडघ्यांवर हात देऊन उठली आणि आपल्या खोलीत गेली. आली ती दुधाचा पेला घेऊन. तो आईच्या हातात दिला, तिच्यासमोर अंगणाकडे पाठ करून उभी राहिली आणि पदर दोन्ही हातांनी पसरला. तिच्या पदराआड पुरुषांना काही दिसत नव्हतं.

"पी," ती म्हणाली.

"वन्सं, मला नगं."

"मी काय इचारलंय का? पी. माझं हात दुखत्यात."

एका बाईनं मागून विचारलं, बांगड्या कधी फोडायच्या. आत्या मान न वळवता म्हणाली, "दूध पिऊ दे आधी. बांगड्या काय पळून जात न्हाईत."

आबांना नेलं. दुपारी मी पिठलं-भाकरी मागवली, सगळ्यांच्या आधी आईला खाऊ घातली. कुणी काही बोललं नाही, म्हणजे माझ्यासमोर. पाणवठ्यावर काय बोललं जात होतं, ते बन्सीनं मला एक-दोन दिवसांनी ऐकवलं. "म्हंत्यात, पोरीनं मढ्याच्या खिशातला गूळ काढून आईचं तोंड गोड केलं. चाकणपातूर गेलीया गोष्ट."

"खरंच आहे," मी म्हणाले.

"तू काय सांगत का न्हाईस मग?"

काय सांगायचं? आईनं 'नाही' का म्हटलं, ते आम्हा तिघींतच होतं. आत्यानं तो शब्द कुणापाशी काढला नाही. तिची जीभ आळीत प्रसिद्ध होती, म्हणून सांगते.

आबांना नेलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुई मी द्यायला लागले. आधी भाकरी करून ताटात वाढायची, ताट आईच्या पुढ्यात ठेवायचं, आणि मगच पिचकारीत औषध ओढायचं. आई न बोलता मांडी पुढे करायची. ती जेवत असताना मी समोर बसायची. तिनं घास गिळेपर्यंत बघायची. एकमेकींशी बोलणं असं नव्हतंच. मी तिच्यावर चिडले नव्हते. मला तिची भीती वाटत होती. तीच बाई, तेच नाक, तोच हात, आणि तिच्या आत एक दार होतं जे मला आयुष्यभर दिसलं नव्हतं.

राख सावडून झाली त्या दुपारी आम्ही दोघी ओसरीवर गहू निवडत होतो. आई आपण होऊन म्हणाली, "तुझा माझ्यावर इश्वास न्हाई आता."

"नाही," मी म्हणाले.

तिनं सुपातला खडा उचलून अंगणात टाकला. "बरोबर हाय."

थोड्या वेळानं म्हणाली, "सुई दिली. सामान धुतलं. 'भाकरी टाक, मी धार काढून आलो,' म्हणाले. मी पीठ मळलं. मग रेकायचा आवाज आला म्हशीचा. जाऊन बघते तर… त्यांना घरात आणलं, बायका जमल्या, चूल इझवली. तवाच माझ्या ध्यानात आलं, की सुई झालीया आन् भाकर न्हाई. मी म्हणलं, आता कोण इचारतंय. बसायचं निस्तं. आपल्याला काय करायचंबी न्हाई. आन् तू आल्या आल्या तेच इचारलंस."

"आई."

"तुला कसं सांगू? सुई त्यांची. नळी त्यांची. रंग बघणार ते, आरडणार ते, भाकर किती खायची सांगणार ते. मी निस्ती मांडी पुढं करायची. तीन वरसं ते मला धरून व्हते. त्यांनी हात सोडला, तवा मला वाटलं, सुटले. माझं म्हणून काय व्हतं त्यात?"

 आबांबद्दल कुणी असं काही बोलेल, आणि ते आई बोलेल, हे मला नवीन होतं. ती तक्रार नव्हती. पण मी जे प्रेम म्हणून बघत आले होते, त्याला आतून हा एक वेगळा चेहरा होता. तो तिनं कधी दाखवला नव्हता, कारण बघणारं कुणी नव्हतं.

सुतक फिटलं की मला पिंपरीला परत जायचं होतं. घरी दोन मुलं होती. आईला म्हटलं, चल माझ्याकडे. ती म्हणाली, वर्ष व्हईस्तोवर मी त्यांच्या घरातून हलायची न्हाई. बन्सी सुईचं नाव काढताच मागे सरकला. आत्याच्या डोळ्यांना पिचकारीवरची रेघ दिसत नव्हती. उरलं कोण, हे मला कळत होतं, पण मी ते तोंडातून काढत नव्हते. आईच म्हणाली.

"माझी मी घेईन. शिकव."

मी तिच्याकडे बघितलं. बाटलीत जे औषध होतं, त्यानं ती महिनाभर जगली असती. आणि एका सकाळी तेच सगळं तिनं ओढून घेतलं असतं तर कुठला गूळ तिला परत आणू शकला नसता. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे, हे तिला.

"सांग की," ती म्हणाली. "न्हाई म्हणायचं तर न्हाई म्हण."

मी पातेल्यात पाणी ठेवलं.

 पहिल्या दिवशी सुई तिरकी गेली, रक्त आलं. दुसऱ्या दिवशी तिनं औषध ओढलं आणि बुडबुडा झटकायचा विसरली. मी सांगितल्यावर चिडली. "दिसतंय मला. गप बस." निळं पाणी तापवायला शिकली. नळी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली आणि रंग काय आला, ते मला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "माझं मी बघीन."

तरीही माझ्यानं बाटली तिच्यापाशी ठेवून निघवेना. निघायच्या आदल्या दिवशी मी आत्याच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं, म्हणजे तिला ठाऊक नव्हतं तेवढं. बाटली रोज तुमच्याकडे राहील. सकाळी भाकरी ताटात पडल्यावर तुम्ही ती घेऊन जायची, सुई झाली की जेवण होईपर्यंत बसायचं, आणि बाटली घेऊन परत यायचं. आत्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझ्या आईला ठावं हाय का हे?"

"नाही अजून."

"तिच्या म्होरं बोल. पाठीमागनं कुलूप लावू नगं. लई वरसं कुलपात काढली तिनं."

आत्याच्या तोंडून मी हे ऐकत होते. त्या पंधरवड्यात इतके धक्के बसले होते की आणखी एकाची जागा उरली आहे, असं वाटलं नव्हतं.

मी आईपुढे बोलले. तिनं मान खाली घातली. रागावली असं नाही. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली, मग म्हणाली, "कवर?"

"तू सांगशील तोवर."

"मी सांगितलं तर इश्वास ठेवशील?"

"माहीत नाही, आई."

"बरं," ती म्हणाली. "येऊ दे वन्संना."

निघायच्या दिवशी सकाळी मी मुद्दाम काही केलं नाही. अंगणात माझ्या पिशवीजवळ उभी राहिले आणि दारातून बघत होते. आईनं भाकऱ्या केल्या, ताट वाढलं. आत्या ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली दोन्ही हातांत धरून आली, पाटावर बसली. आईनं औषध ओढलं, पिचकारी उजेडात धरली, नखानं दोनदा टिचकी मारली. लुगडं गुडघ्यावर सारलं आणि सुई दिली. तिचा चेहरा जराही हलला नाही. सामान धुऊन फडक्यावर मांडलं. बाटली आत्यापुढे सरकवली.

मग ती ताटासमोर बसली आणि खाईना.

ताटाकडे बघत राहिली.   पाय उचलून आत जावं, असं मला वाटलं, आणि मी पिशवीचा बंद धरून उभी राहिले. आत्यानं बाटली मांडीवर घेतली, भिंतीला टेकली, पाय पसरले. दिवसभर तिथेच बसायची तयारी असल्यासारखी.

"शेण तसंच पडलंय माझं," ती म्हणाली. "पर बसते. मला काय घाई न्हाई."

आईनं तिच्याकडे बघितलं. मग भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला. चावत राहिली. गिळला.

"वन्सं," ती म्हणाली, "उद्यापास्नं तुमीबी हितंच जेवा. दुसऱ्याच्या तोंडाकडं काय बघत बसायचं सकाळच्या पारी."

"भाजी कुणाच्या हातची?"

"माझ्या."

"मग बघू," आत्या म्हणाली, आणि ताटातला एक तुकडा मोडून घेतला.